पुरिंगने कॉम्प्युटर उघडला, त्याची गोष्ट

माझ्या थोरल्या बहिणीने, पुरिंगने, साठ वर्षांच्या आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला असेल तो फडक्याने पुसण्यापुरता. बाकी सगळं तिचा नवरा बघायचा. सेल्मो. पाळण्यातलं नाव आन्सेल्मो, पण ते फक्त चर्चच्या वहीत राहिलं.

फिलिपिन्समधल्या गुइमारास बेटावर आमच्या बाजूला सेल्मोला कोण ओळखत नाही? आधी तो रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, मग हायस्कूलमधली कॉम्प्युटरची खोली त्याच्याच हाती आली. निवृत्त झाल्यावरही लोक त्याला घरी बोलवत. फोनवर तो एकेक प्रश्न विचारायचा. दिवा लागतो का? पंखा फिरतो का? आवाज कसला येतो? काल यात काय नवीन घातलंत? निम्म्या वेळा घरातून न हलताच काम व्हायचं. मीसुद्धा टायपिंग त्याच्याच हाताखाली शिकले, म्हणून आज माझ्या छोट्या दुकानाबरोबर पंचायतीच्या कचेरीत माझं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालावं लागतं आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. आम्ही मान डोलावली आणि घरी आल्यावर विसरून गेलो. लोक येत, त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने, तुटक तुटक बोलत. मीही त्यातलीच.

बोलणं परत यावं म्हणून समुद्रापलीकडच्या इलोइलो शहरातली मिस जॉयबेल मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता कॉम्प्युटरवरून त्याचा तासभर सराव घ्यायची. सव्वीस-सत्तावीसची पोरगी, गोड बोलणारी. पडद्यावर चित्र दाखवायची आणि नाव विचारायची. हे काम माझ्या फोनवरही झालं असतं, पण पुरिंगच्या घरात इंटरनेट आहे ते तारेचं. फोनला हवं असेल तर परसातल्या फणसाखाली जाऊन उभं राहावं लागतं. तिथे आजारी माणसाला तासभर कोण बसवणार? त्यामुळे कॉम्प्युटर चालू करून द्यायला दोन्ही दिवस मी जायची.

जूनपासून तो कॉम्प्युटर कुरकुर करत होता. अर्धा तास चालायचा आणि मध्येच पटकन बंद पडायचा. थोड्या वेळाने लावला की पुन्हा चालायचा. आम्ही म्हटलं, म्हातारा झालाय, आपल्यासारखाच.

आणि ऑगस्टमधल्या एका मंगळवारी तो लागलाच नाही.

म्हणजे मेला नव्हता. बटण दाबलं, आत पंखा घरघरला, पण पडदा काळा. मग लांब आवाज, टूंऽऽ, टूंऽऽ, टूंऽऽ. तीनदा. थोडं थांबून पुन्हा तीनदा. मी बटण दाबून धरलं, बंद केला, लावला. तेच.

"काय गं झालं?" पुरिंग स्वयंपाकघरातून आली. हातात माशांचं भांडं.

"रडतोय."

"आता? दहा वाजायला आले!"

सेल्मो वेताच्या खुर्चीत बसला होता. त्याने एकदा कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. खिडकीबाहेर कोंबड्यांचं खुराडं सोडलं तर काही नाही.

पुरिंगने मिस जॉयबेलला फोन करून आजचं राहू द्या म्हणून सांगितलं आणि लगेच रेनांतेला लावला. रेनांतेचं इलोइलोला दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेत असताना तो सेल्मोचा विद्यार्थी होता, म्हणून या दोघांना तो आजही मानांग आणि मानोंग, म्हणजे ताई आणि दादा, म्हणतो.

"मानांग, मी आत्ता निघालो असतो," तो म्हणाला, "पण वारा बघताय ना? धक्क्यावर सकाळपासून एक बोट सोडली नाही. उद्याही सोडतील असं वाटत नाही."

"मग मी काय करू?"

"आवाज कसा येतोय?"

पुरिंगने फोन माझ्याकडे दिला. मी आवाजाची नक्कल करून दाखवली. रेनांते हसला. "मानोंग कुठे आहेत?"

"इथेच. खिडकीतून बाहेर बघतायत."

"त्यांनी ऐकला हा आवाज?"

"ऐकला असेल की."

"मग मला कशाला विचारता? त्यांना विचारा. मी जे शिकलो ते त्यांच्याकडून शिकलो."

पुरिंगने फोन ओढून घेतला. "अरे, तो बोलतो का रे? चिडवतोस काय मला?"

"बोलत नाहीत, पण कान कुठे गेलेत त्यांचे? फोन स्पीकरवर टाका, मानांग. कॉम्प्युटरचा डबा तुम्ही उघडा. चुकलात तर ते अडवतील."

"मी उघडू?"

"मग कोण? फादरना बोलवायचंय?"

पुरिंगने पदर खोचावा तसा गाऊन गुडघ्याशी खोचला आणि टेबलाखालून तो राखाडी डबा ओढला. वर विणलेला लेसचा रुमाल होता, तो घडी करून बाजूला ठेवला. रेनांतेने सांगितलं, मागे एका बाजूला दोन स्क्रू असतील, हाताने फिरतात.

"एकच आहे," पुरिंग म्हणाली.

"दुसरा पडला असेल कधीतरी. असू दे, आहे तो सोडवा."

ती स्क्रूला हात घालणार तोच धाडकन आवाज आला. सेल्मोने काठी जमिनीवर आपटली होती. आम्ही दोघी दचकलो. तो काठीने भिंतीकडे दाखवत होता. "प्लग! प्लग तसाच आहे!" मी ओरडले.

"बघा, म्हटलं नव्हतं?" फोनमधून रेनांते म्हणाला. "आधी प्लग काढा. मग पुढचं बटण एकदा दाबून सोडा, आत उरलेली वीज निघून जाते. आणि डब्याच्या पत्र्याला हात लावा, अंगातलीही जाऊ दे."

पुरिंगने सगळं केलं. पत्रा सरकवला आणि आम्ही दोघी एकदम मागे सरलो. आत धुळीची गोधडीच पसरली होती. मधल्या पंख्याखाली धातूच्या पातळ पट्ट्या असतात म्हणे, त्यांच्यामध्ये तर धूळ इतकी घट्ट बसलेली की पट्ट्या दिसतच नव्हत्या. कोपऱ्यात पालीची दोन फुटकी अंडी.

"हे बघ, हे!" पुरिंग नवऱ्याला म्हणाली. "मला म्हणायचास, याला हात लावू नकोस. आणि आत पालीचं बाळंतपण!"

रेनांतेने सांगितलं, मध्येच बंद पडायचा तो याच्यामुळेच. आतला गरम भाग थंड होत नाही, मग स्वतःला वाचवायला तो बंद होतो. "आधी साफ करा," तो म्हणाला, आणि तेवढ्यात फोन कटला.

पुरिंग उठली, मोरीत गेली आणि भांडी पुसायचं फडकं ओलं करून, पिळून आली. ती डब्यावर वाकली आणि मागून आवाज आला.

"येडे!"

स्पष्ट. खणखणीत. दहा महिन्यांत त्या घरात सेल्मोच्या तोंडून आलेला पहिला शब्द.

पुरिंगच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. पाणी जमिनीवर टपटपत होतं. मी क्रूसाची खूण केली. सेल्मो स्वतःच आमच्यापेक्षा जास्त घाबरलेला दिसत होता. त्याने तोंड उघडलं, पुन्हा म्हणायचा प्रयत्न केला, पण आता नेहमीसारखं "बो... बो..." एवढंच आलं. कपाळावर घाम आला त्याच्या.

"काय म्हणालास?" पुरिंग हळूच म्हणाली. "मला येडी म्हणालास?"

त्याने डोळे मिटले, मग डाव्या हाताने पलंगाखाली दाखवलं. तिथे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. उघडला तर त्यात स्क्रू ड्रायव्हर, खोडरबर आणि रंगाचे दोन ब्रश, मऊ आणि कोरडे.

"मग ब्रश असं म्हण ना!" पुरिंग ओरडली. "दहा महिन्यांनी एक शब्द काढला, तोही असा!" पण फडकं टाकायला ती मोरीत गेली ती बराच वेळ आली नाही.

त्यानंतर तासभर ती ब्रश चालवत होती आणि मी टॉर्च धरून उभी होते. सेल्मो खुर्ची पुढे ओढून बसला होता. पंखा साफ करताना पाती फिरायला लागली की तो आपलं बोट आडवं धरून दाखवायचा. म्हणजे पात्यांना बोट लाव, फिरू देऊ नकोस. ती पंख्याखालचा धातूचा ठोकळा उपटायला गेली तेव्हा त्याने तिचं मनगटच पकडलं. तो काढायचा नाही. ती फुंकर मारायला लागली तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. धूळ पुरिंगच्या केसांवर, भुवयांवर बसली होती.

मग रेनांतेचा फोन परत आला.

"झालं साफ? आता तो आवाज. तीन लांब म्हणजे बहुतेक रॅम, मशीनच्या आठवणीची पट्टी. पंख्याच्या शेजारी दोन लांब खाचा दिसतील, एकीत हिरवी पट्टी असेल. दोन्ही टोकांचे चाप दाबा, पट्टी वर येईल. तिचे सोनेरी दात खोडरबरने हलकेच पुसायचे आणि परत बसवायची."

"खाचा आहेत," पुरिंग म्हणाली.

"हां, मग पट्टी काढा."

"पट्टी नाही."

"असेल, मानांग. नीट बघा."

"अरे नाही म्हणते ना. मासिंग, तू बघ."

मी टॉर्च आत घातला. दोन खाचा, दोन्ही रिकाम्या. "नाहीये, रेनांते."

"पट्टीच नसेल तर तो रडणारच. पण परवापर्यंत चालत होता ना?"

"शुक्रवारी चालला."

"मग पट्टीला काय पाय फुटले?"

पुरिंगने ब्रश खाली ठेवला. तिने त्या एका स्क्रूकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. सेल्मो खिडकीबाहेर कोंबड्या बघत होता.

"रेनांते, फोन ठेव," ती म्हणाली.

पुरिंग जमिनीवरच बसली होती, डब्याला टेकून.

"सेल्मो, रविवारी तुझा गुडघा दुखत होता. म्हणून तू मिस्साला आला नाहीस."

तो हलला नाही.

"आम्ही दोन तास चर्चमध्ये. तू एका हाताने डबा ओढलास, स्क्रू काढलेस, पट्टी काढलीस, परत बंद केलास, लेसचा रुमालसुद्धा जागेवर ठेवलास. एक स्क्रू मात्र लावता आला नाही. बरोबर?"

त्याने मान हलवली. हो.

मला वाटलं आता ती भांडं फेकणार. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तिने पूर्वी फेकलेली मी पाहिली आहेत. पण तिने फक्त विचारलं, "का?"

आणि मग तिलाच कळलं की याचं उत्तर त्याला देता येणार नाही. मग तो फोनवर लोकांना विचारायचा तसं तिने एकेक विचारायला सुरुवात केली.

"डोकं दुखतं का सरावाने?"

नाही.

"मिस जॉयबेल आवडत नाही?"

त्याने हात असातसा हलवला.

"चित्रं?"

काठी जमिनीवर आपटली. हो.

"मांजर, केळं, छत्री, ती?"

पुन्हा काठी. जोरात.

"आणखी काय? कोणी काही बोललं?"

तेव्हा सेल्मोने डावा हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं. मग माझ्या मागच्या दाराकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

मला लगेच आठवलं. गेल्या शुक्रवारी बाकोलोदहून माझी नणंद आली होती. मी तिला आणि शेजारच्या दोघींना घेऊन आले होते. तळलेल्या केळ्यांची बशी घेऊन आम्ही दारातच बसलो होतो, सर्कस बघायला बसावं तशा. पडद्यावर मांजराचं चित्र आलं, सेल्मोचं "बो... बो..." सुरू झालं आणि मी टाळ्या वाजवत म्हणाले होते, "म्हणा, मानोंग! मां-जर! मांऽऽजर!" सगळ्या हसल्या. वाईट मनाने नाही. पण हसल्या. त्याच माणसाने मला एके काळी एकेका बोटाची जागा दाखवून टायपिंग शिकवलं होतं, चुकले तरी न हसता.

"मानोंग, माझी चूक झाली," मी म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला. मान डोलावली नाही, हसला नाही. मला तसंच उभं ठेवलं त्याने, आणि बरोबरच केलं.

पुरिंग म्हणाली, "दार बंद करीन मी. कुणी येणार नाही. मासिंगसुद्धा नाही. आणि मांजर बंद. चालेल?"

बऱ्याच वेळाने त्याने काठीने कपाटावरच्या जुन्या रेडिओकडे दाखवलं. रेडिओचं मागचं झाकण सैल होतं. आत चॉकलेटच्या चांदीच्या कागदात, कडा नीट दुमडून गुंडाळलेली ती हिरवी पट्टी होती, आणि तिच्याजवळ कागदाच्या पुडीत हरवलेला स्क्रू. चोरी केली होती, पण मालाला ओरखडा येऊ दिला नव्हता.

पुरिंगने दात खोडरबरने पुसले. पट्टी खाचेत घालायला गेली तर बसेना. ती जोर लावणार तेवढ्यात सेल्मोने एक बोट उभं करून गर्रकन फिरवलं. उलटी आहे. तिने फिरवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली, चाप खट करून मिटले. डबा अजून उघडाच होता. प्लग लावला, बटण दाबलं. एकच छोटा आवाज, टिक् केल्यासारखा, आणि पडदा उजळला.

आम्ही ओरडलो. पण मिस जॉयबेलचं पान उघडायला गेलो तर उघडेना, सुरक्षित नाही असं काहीतरी म्हणत होता. आता हे काय? सेल्मोने पडद्याच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. तिथे तारीख होती, बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली. मग त्याने बोटांनी नाण्याएवढा गोल करून दाखवला. डब्यात खरंच नाण्याएवढी एक चपटी बॅटरी होती. तारीख-वेळ लक्षात ठेवायचं काम तिचं, आणि ती संपली होती. घड्याळ मागे राहिलं की इंटरनेटवरची पानं विश्वास ठेवत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. तसली बॅटरी माझ्या दुकानात मोटारींच्या रिमोटसाठी असते. मी धावत जाऊन घेऊन आले, पुरिंगने ती बसवली, तारीख नीट लावली आणि पान उघडलं. निदान तेवढं तरी माझ्या हातून झालं.

शुक्रवारी मी कॉम्प्युटर लावून दिला आणि परसात फणसाखाली जाऊन बसले. पुढचं पुरिंगने सांगितलं ते असं. दार लावून घेऊन तिने मिस जॉयबेलला स्वच्छ सांगितलं, "हे बघ इंदाय, पोरी, मांजर-कुत्रं पुरे. हा माणूस चाळीस वर्षं मशीन दुरुस्त करत होता."

"मानांग, मला कुणी सांगितलंच नाही!" ती पोरगी म्हणाली. "फॉर्मवर फक्त 'निवृत्त' लिहिलंय."

फॉर्म मीच भरला होता.

पुरिंगने 'येडे'चीही गोष्ट सांगितली. मिस जॉयबेल हसली आणि म्हणाली, असं होतं, शिव्या आणि रागाचे शब्द कधी कधी आपोआप निसटतात, त्यावरून फार आशा धरू नका.

"मग शिव्यांपासूनच सुरू कर," पुरिंग म्हणाली.

शिव्यांपासून नाही, पण बिस्किटांच्या डब्यापासून सुरू झालं. एकेक वस्तू हातात घ्यायची, तिचं काम करून दाखवायचं आणि नाव म्हणायचा प्रयत्न करायचा. जादू वगैरे झाली नाही. तीन आठवडे नुसतं "बो" चाललं. चौथ्या आठवड्यात "पं" आलं आणि त्यानंतर आठ दिवसांनी "पंखा". स्क्रूचा "क्रू" झाला तो अजून तसाच आहे. बायकोचं नाव त्याला अजून घेता येत नाही. ती म्हणते, घाई नाही, नाव कुठे पळून जातंय.

मला दारात यायला त्याने महिनाभर परवानगी दिली नाही. मी कॉम्प्युटर लावून द्यायला आत गेले की काठीने बाहेरची वाट दाखवायचा. मग एका मंगळवारी मी निघाले तर त्याने शेजारची खुर्ची काठीने माझ्याकडे ढकलली. मी बसले, आणि पूर्ण तास तोंडातून अक्षर काढलं नाही.

ही बातमी बेटावर पसरायला किती वेळ लागतो? लोक पुन्हा आपापले डबे घेऊन यायला लागले. सेल्मो ऐकतो, बोटांनी सांगतो, पुरिंग उघडते. कोणी आलं की ती आधी विचारते, प्लग काढलाय का, आणि बजावते, पुसायला ओलं फडकं आणलंत तर बाहेर काढीन.

परवा चर्चच्या कचेरीतला कॉम्प्युटर आला होता. पडदा काळा. सेल्मोने कान लावला, डोळे मिटले आणि डब्यावर टकटक करून दोन बोटं वर केली. म्हणजे रॅम काढा. पुरिंग म्हणाली, "थांब. आवाज तर आलाच नाही." तिने मागे हात घालून चाचपलं. पडद्याची केबल सैल होती. ती दाबून बसवली, दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले, बटण दाबलं आणि पडदा लागला.

फादर खूश झाले. सेल्मो मात्र रागावला. जेवणापर्यंत त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि वाढलेला भात उगाच चिवडत बसला. पुरिंग माझ्याकडे बघून डोळा मारत म्हणाली, "बसू दे. चुकला की असाच बसायचा पूर्वीही," आणि तिने त्याच्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला.